लेकरांसाठी ऐतिहासिक रहस्यकादंबऱ्या : मराठवाड्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंबाजोगाईत आमच्या ओसरीवर दर रविवारी सकाळी दहा-पंधरा लेकरं वाचायला जमतात. चटई, माठ आणि दोन खोकी पुस्तकं, एवढाच संसार. सुरुवातीला गोष्टींची पुस्तकं होती, मग रहस्यकथा आल्या, आणि आता मागणी एकच : जुन्या काळातली रहस्यकथा. त्यामुळे आई-बाप विचारतात, शाळेतले सर-मॅडम विचारतात, लेकरं तर विचारतातच. तेच ते प्रश्न इथं एकदाचे लिहून ठेवते.

किल्ला, तलवार आणि भुयार असलं की झाली का ऐतिहासिक रहस्यकादंबरी?

नाही. माझी एक साधी चाचणी आहे. गोष्टीतला काळ काढून टाका आणि बघा, रहस्य उभं राहतं का. देवगिरीऐवजी मॉल ठेवला, घोड्याऐवजी मोटारसायकल दिली, आणि चोर तसाच सापडला, तर ती आजचीच गोष्ट झाली. तिला फक्त फेटा बांधलेला आहे. ज्या गोष्टीत गुन्हा त्या काळामुळे घडतो आणि त्याची उकलही त्या काळातल्या एखाद्या वस्तूवरून, रीतीवरून, हिशोबावरून होते, ती खरी ऐतिहासिक रहस्यकादंबरी. भुयार नसलं तरी चालतं. खरं सांगायचं तर भुयारांचा मला कंटाळा आलाय. आपल्याकडं प्रत्येक गावातलं भुयार प्रत्येक दुसऱ्या गावात निघतं, आणि आत जाऊन आलेला माणूस मात्र भेटत नाही.

असं एखादं उदाहरण इतिहासातच आहे का?

आहे, आणि आपल्या दारातच आहे.

१२९६ साली अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला. तेव्हा तो सुलतान नव्हता, दिल्लीच्या सुलतानाचा पुतण्या आणि जावई होता. रामदेवराव यादवांचं मोठं सैन्य राजपुत्राबरोबर बाहेर गेलेलं. राजा किल्ल्यात शिरला. वेढा पडणार म्हणून धान्याची पोती घाईघाईनं वर नेली. पुढं राजपुत्र परत आला, लढाई झाली, आणि ऐन वेळी वर निरोप गेला की पोती उघडा. उघडली तर आत मीठ! कोकणातून मीठ घेऊन निघालेल्या व्यापाऱ्यांची पोती धान्य समजून वर चढवलेली. मिठावर किल्ला किती दिवस लढवणार? राजानं तह केला.

ही गोष्ट फिरिश्ता या इतिहासकारानं लिहून ठेवली आहे. आमच्या ओसरीवर मी ती सांगितली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "मॅडम, पोतं उचलताना वजन कळंना का कुणाला?" बघा, हेरगिरी सुरू झाली. धान्याच्या पोत्यापेक्षा तेवढंच मिठाचं पोतं जड लागतं. हमालांना हे कळलं असणारच. मग ते गप्प का बसले? घाई होती, का कुणी गप्प बसवलं? पोत्यांवर व्यापाऱ्याची खूण नव्हती? दुसरा प्रश्न त्याहून मोठा. फिरिश्ता लिहीत होता विजापुरात, घटनेनंतर सुमारे तीनशे वर्षांनी. त्याला हे कुणी सांगितलं? एक लेकरू वजनाच्या मागं लागतं, दुसरं साक्षीदाराच्या. कादंबरीला याहून काय पाहिजे!

त्याच लढाईतली आणखी एक हकीकत फिरिश्त्यानं दिली आहे. अल्लाउद्दीननं आधीच आवई उठवली होती की मागून दिल्लीची मोठी फौज येते आहे. लढाई रंगात असताना त्याचा सरदार नुसरतखान थोडे स्वार घेऊन दौडत आला, धुरळा उडाला, आणि लोकांना वाटलं, तीच फौज आली. धुरळा बघून फौजेचा अंदाज चुकणं हे रहस्य फक्त त्याच काळात घडू शकतं.

कोणत्या वयापासून द्यावी?

वयापेक्षा लेकरू बघा. साधारण आठ-नऊ वर्षांच्या लेकराला हरवलेल्या वस्तूची गोष्ट पुरते. दहा-बारा वर्षांचं लेकरू खोटं बोलणारं पात्र पकडू शकतं, आणि त्यात त्याला फार मजा येते. तेराच्या पुढं मात्र त्यांना 'का केलं' हे हवं असतं, 'कुणी केलं' एवढ्यावर भागत नाही.

खून असलेली गोष्ट लेकरांना द्यावी का?

शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात किती खून असतात, मोजलेत का कधी? खुनाला लेकरं घाबरत नाहीत. गोष्टीत कुणालाच त्याचं काही वाटत नाही, याला ती घाबरतात. मेलेल्या माणसाचं घर, त्याची माणसं गोष्टीत दिसली पाहिजेत. रक्ताचं वर्णन दोन ओळींच्या पुढं गेलं की मी पुस्तक खोक्याच्या तळाशी ठेवते. एवढाच माझा नियम.

इतिहास सगळा रायगड-पुण्याकडचा. मराठवाड्यात रहस्य कुठून आणायचं?

हा प्रश्न आमच्याच लोकांनी विचारला की मला राग येतो. मग चहा टाकते आणि बसवून सांगते.

रहस्याला लागतं काय? एकाच गोष्टीची दोन नावं, दोन तारखा, दोन लिप्या, दोन भाव, आणि त्यातून होणारा घोटाळा. मराठवाड्याइतका हा घोटाळा दुसरीकडं क्वचित सापडेल. सातवाहन, राष्ट्रकूट, चालुक्य, यादव, खिलजी, तुघलक, बहमनी, अहमदनगरची निजामशाही, आदिलशाही, मुघल, मग हैदराबादचा निजाम. कुणी आपली नाणी पाडली, कुणी आपलं कॅलेंडर आणलं, कुणी गावांची नावं बदलली.

नावांचंच बघा. देवगिरीचं दौलताबाद झालं. खडकी हे गाव मलिक अंबरनं १६१० च्या सुमारास राजधानी म्हणून वसवलं. तो जन्मानं इथिओपियाचा, गुलाम म्हणून विकला गेलेला, आणि निजामशाहीचा कर्ताधर्ता झालेला. त्या खडकीचं त्याच्या मुलाच्या नावानं फतेहनगर झालं, मग औरंगाबाद, आता छत्रपती संभाजीनगर. धाराशिवचं उस्मानाबाद आणि पुन्हा धाराशिव. आणि आमची अंबाजोगाई निजामाच्या कागदांत मोमिनाबाद म्हणून सापडते. गेल्या वर्षी एका मुलीनं आजोबांच्या ट्रंकेतलं जुनं पाकीट आणलं. वर मोमिनाबाद. तिनं घरात सगळ्यांना विचारलं, हे गाव कुठंय? तिसऱ्या दिवशी कळलं की आपण त्यातच राहतो. तिचा चेहरा बघायला हवा होता.

आता कादंबरीत घाला. एक पत्र खडकीला लिहिलेलं आहे, दुसरं फतेहनगरला, तिसरं औरंगाबादला. हेराला वाटतं, तीन गावांतली तीन माणसं. निघतं एकच गाव, एकच घर, एकच माणूस, फक्त म्हातारा होत गेलेला.

तारखांचं कोडं लेकरांना झेपतं का?

झेपतं. मोठ्यांना झेपत नाही.

समजा, एका कागदावर नुसतं '१३५७' लिहिलंय. इसवी सन म्हणून वाचलं तर बहमनी राज्य स्थापन होऊन जेमतेम दहा वर्षं झालीत. शके म्हणून वाचलं तर ७८ मिळवायचे, म्हणजे १४३५ च्या आसपास. हिजरी धरलं तर १९३८-३९, कारण हिजरी वर्ष चंद्रावर चालतं, दरसाल सुमारे अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे तिथं सरळ बेरीज चालत नाही. आणि निजामाच्या कचेरीतलं फसली, म्हणजे महसुली, साल असेल तर ५९० मिळवा, येतं १९४७-४८. म्हणजे ऐन मुक्तिसंग्रामाचं वर्ष! आकडा एक, उत्तरं चार. त्यातलं कोणतं खरं, हे कागद, शाई, लिपी आणि महिन्याचं नाव बघून ठरतं. हैदराबादच्या फसली सालाचे महिने आजूर, दय, बहमन असे फारसी नावांचे. कागदावर 'बहमन' दिसलं की लेकराला आधी वाटतं, बहमनी सुलतान. सुंदर चकवा आहे. लेखकांनो, फुकट घ्या.

शिवकाळातल्या कागदांत शुहूर सनही भेटतो, त्याची तऱ्हा आणखी वेगळी. पण एका कादंबरीत दोनच कालगणना वापरा. तिसरी आली की आमच्याकडं सुद्धा जांभया सुरू होतात.

मोडी येत नसेल तर?

लेकराला मोडी येण्याची गरज नाही. गोष्टीत एखादं पात्र वाचणारं असलं की पुरे. लेखकाला मात्र एवढं माहीत हवं की मोडीत आधी पानभर शिरोरेघ ओढून घेत, मग तिला अक्षरं लटकवत जात. शब्दांमध्ये जागा सोडत नसत, आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नसत. इथंच रहस्य लपतं. पैठणच्या एका विणकराच्या घरातून काय काय गेलं याची यादी आहे : 'भांडी, जर, सुत, पेटी'. आता तो 'सुत' म्हणजे सूत, धागा? का सुत, म्हणजे मुलगा? विणकराच्या घरातून धागा गेला म्हणून कुणी तपास केला नाही, आणि मुलगा गेला तो गेलाच. हे उदाहरण मी बसल्या बसल्या रचलंय, पण ते ऐकून ओसरीवर अर्धा मिनिट कुणी बोललं नव्हतं.

आणि हो, लिहिलेली वस्तू म्हणजे कागदच असला पाहिजे असंही नाही. आमच्या गावात दासोपंतांची पासोडी आहे. सोळाव्या शतकात जन्मलेल्या या संतकवीनं सुमारे चाळीस फूट लांब कापडावर 'पंचीकरण' लिहून काढलं. कापडावरचं लिखाण पाण्यानं कुठं पसरतं, घडीवर कुठं झिजतं, यावरून ते कसं ठेवलं जात होतं हे कळतं. हेराला अजून काय पाहिजे?

पुस्तकात इतिहासाच्या चुका आहेत हे कसं ओळखायचं?

स्वयंपाकघरात शिरायचं. लढायांच्या तारखा सगळे तपासतात, ताट कुणी तपासत नाही.

माझीच फजिती सांगते. मी एक हस्तलिखित लिहिलं होतं, रामदेवरावाच्या काळातलं. त्यात नायकाची आजी त्याला भाकरी आणि मिरचीचा ठेचा बांधून देते. ओसरीवर वाचून दाखवलं. सातवीतल्या एका पोरीनं हात वर केला. "मॅडम, मिरची तर पोर्तुगीजांनी आणली ना? मग आजीकडं कुठून आली?" मी गप्प. वास्को द गामा कालिकतला उतरला १४९८ मध्ये, आणि माझी आजी दोनशे वर्षं आधीच ठेचा कुटायली! मिरची, शेंगदाणा, बटाटा, टोमॅटो, मका, तंबाखू ही सगळी अमेरिकेकडून आलेली. यादवकाळात तिखट म्हणजे मिरी. ठेच्यातला शेंगदाणाही गेला. म्हणजे आजीनं दिलं ते एक तर मिऱ्याचं काहीतरी, नाही तर नुसती भाकरी आणि कांदा.

तसंच काडेपेटीचं. ती एकोणिसाव्या शतकातली. त्याआधीच्या गोष्टीत कुणी काडी ओढून भुयारात उजेड केला की पुस्तक मिटायचं. चकमक झाडायला वेळ लागतो, आवाज होतो, ठिणगी दिसते. आवाज झाला की पहारेकरी जागा होतो. म्हणजे नेमकं तपशील पाळला की रहस्य वाढतं, कमी होत नाही.

अंतराचंही तेच. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात भडोचहून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि पैठणहून पूर्वेला तगर, म्हणजे आपलं तेर, दहा दिवसांच्या वाटेवर सांगितलंय. सातवाहनकाळातला व्यापारी सकाळी पैठणात आणि संध्याकाळी तेरमध्ये दिसला, तर एक तर लेखक चुकला, नाही तर ती दोन जुळी भावंडं आहेत. दुसरं असेल तर पुस्तक चांगलं.

जुन्या काळातल्या पात्रांनी कसं बोलायचं? 'महाराज, आज्ञा असावी' असंच?

तसं दरबारात बोलू दे. घरात, बाजारात, विहिरीवर माणसं अशी बोलत नव्हती. यादवकाळातलं साधं बोलणं ऐकायचं असेल तर 'लीळाचरित्र' उघडावं. म्हाइंभटांनी गोळा केलेल्या चक्रधरस्वामींच्या आठवणी, तेराव्या शतकातल्या. त्यात माणसं जेवतात, रुसतात, वाटा चुकतात, एकमेकांना टोचून बोलतात. ती भाषा जशीच्या तशी उचलली तर लेकरांना कळणार नाही. पण त्यातली छोटी वाक्यं आणि थेटपणा उचलावा.

मला विचाराल तर जुन्या काळातल्या पात्रांना आपल्याकडची आजची बोली दिली तरी बिघडत नाही. "काय करायलास रे तिथं?" असं बालाघाटातल्या गुराख्यानं विचारलं तर ते 'तू तिथं काय करीत आहेस' पेक्षा हजारपट खरं वाटतं. प्रमाण मराठीत बोलणारा गुराखी हा माझ्या मते काडेपेटीइतकाच मोठा कालविपर्यास आहे.

मुलगी हेर दाखवली तर ते खोटं नाही वाटणार? तेव्हा मुलींना कोण बाहेर सोडत होतं?

त्याच 'लीळाचरित्रा'त महदाइसा भेटते. चक्रधरांना सतत काही ना काही विचारत राहणारी, एका उत्तरावर समाधान न होणारी. तिनं रचलेले 'धवळे' म्हणून तिला मराठीतली आद्य कवयित्री मानतात. आठशे वर्षांपूर्वी प्रश्न विचारणारी बाई कागदोपत्री हजर आहे, मग आपल्या कादंबरीत का नको?

शिवाय सगळ्या मुली वाड्यात बसलेल्या नव्हत्या. पाणी भरणारी, गोवऱ्या विकणारी, मागावर बापाला कांड्या भरून देणारी पोरगी गावातल्या प्रत्येक दारात जाते. तिच्याकडं कुणी बघत नाही. कुणी बघत नाही, हीच तर हेराची पहिली गरज!

रझाकारांच्या काळावरची गोष्ट लेकरांना द्यावी का? घरात अजूनही तो विषय जपून काढतात.

द्यावी. पण लिहिणाऱ्यानं जबाबदारीनं लिहिलेली. रझाकार म्हणजे निजामाचं राज्य टिकवायला उभी राहिलेली सशस्त्र स्वयंसेवकांची संघटना.

देश १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला, मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाच्या राज्यातून मुक्त झाला. मधले तेरा महिने म्हणजे रहस्यकथेची खाणच. सरहद्द घरापासून दहा-वीस कोसांवर. पलीकडं स्वतंत्र भारत, अलीकडं करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका. पलीकडं कलदार रुपया, अलीकडं हाली शिक्का, आणि साधारण सात हाली म्हणजे सहा कलदार असा भाव. एखाद्या घरात अचानक कलदार दिसले, तर ते आले कुठून? सरहद्दीवरच्या छावणीतून? का दुसऱ्या कुणाकडून? एका नाण्यावर अख्खं प्रकरण उभं राहतं. मनमाडहून औरंगाबाद, परभणी, नांदेडकडं जाणारी निजामाची मीटरगेज, लातूरला जाणारी बार्शी लाईट, तिच्या डब्यात कुणाच्या तरी फडक्यात बांधलेली पत्रकं. हे सगळं आपल्या आजी-आजोबांनी डोळ्यांनी बघितलेलं. बघितलेली माणसं आता थोडी उरलीत, म्हणून घाई.

जबाबदारी ती कोणती? रझाकार म्हणजे मुसलमान आणि मुसलमान म्हणजे रझाकार असं समीकरण लेकराच्या डोक्यात जाता कामा नये. रझाकारांच्या विरोधात लिहिणारा 'इमरोज'चा संपादक शोएबउल्ला खान मुसलमानच होता. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्याचा खून झाला. आणि पोलिस ॲक्शननंतर, म्हणजे भारतीय सैन्यानं निजामाचं राज्य ताब्यात घेतल्यावर, आपल्या भागातल्या अनेक मुसलमान कुटुंबांवर जे बेतलं, त्याची नोंद सुंदरलाल समितीनं केली आहे. हेही गोष्टीत येऊ शकतं. रहस्यकथेचा फायदाच हा की तिच्यात संशय सगळ्यांवर घ्यावा लागतो आणि पुराव्याशिवाय कुणाला गुन्हेगार म्हणता येत नाही. आडनावावरून गुन्हेगार ठरवणारी कादंबरी ही वाईट इतिहास तर आहेच, वाईट रहस्यकथाही आहे. पहिल्या पानावरच उत्तर कळतं.

गोष्टीत गुप्तधन असलं तर?

चालतं, पण बळी-बिळी, अमावास्या, पायाळू माणूस असला मालमसाला मी लेकरांना देत नाही. आपल्या भागात गुप्तधनाच्या नादी लागून आजही माणसं फसतात. गुप्तधन शोधण्यासाठी अघोरी कृत्यं करणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. हाच विषय उलटा फिरवून चांगली कादंबरी होते : गुप्तधनाची आवई उठवतंय कोण, आणि त्यात कुणाचा फायदा?

बीडची खजाना विहीर हे त्याचं उत्तम ठिकाण. निजामशाहीच्या काळातली, आत उतरायला कमानी, दुष्काळातही पाणी टिकवणारी म्हणून तिचं नाव. नाव ऐकून लेकरं खजिना शोधतात. दुष्काळात तिच्यातून पाणी खाली शेतांना जातं हे कळलं की त्यांचं तेच म्हणतात, खजिना हाच.

शेतात जुनं नाणं सापडलं तर लेकरानं ठेवावं का?

नाही. १८७८ च्या निधी कायद्यानुसार दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं पुरलेलं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. गावात तलाठ्याला सांगा, तो पुढं बघेल. घासून चकचकीत करू नका, चिंचेनं तर मुळीच नाही. सापडलं ती जागा, बांधापासून किती पावलं, किती खोल, हे वहीत लिहून ठेवा. नाण्याइतकीच ती वही मोलाची असते.

पुस्तक वाचून झालं, आता कुठं घेऊन जाऊ?

एकाच दिवसात चार ठिकाणं करू नका, एवढं आधी ऐका. सहलीच्या गाडीत बसून किल्ले मोजणाऱ्या पोरांना नंतर एकही आठवत नाही.

दौलताबादला गेलात तर अंधारीत, म्हणजे किल्ल्यातल्या काळोख्या वाटेत, टॉर्च बंद करून एक मिनिट उभं राहा. वळणं, पायऱ्यांची असमान उंची, वरून निखारे-धूर सोडण्याची सोय. शत्रूला आत घेऊन चकवायचं, हे बांधणाऱ्यानं कसं ठरवलं असेल ते तिथं कळतं. बंद खोलीचं रहस्य लिहायचं असेल तर त्याच किल्ल्यावर चिनी महाल आहे. गोवळकोंड्याचा शेवटचा कुतुबशहा अबुल हसन तानाशहा तिथं औरंगजेबाच्या कैदेत होता.

तेरला लामतुरे संग्रहालय आहे. रामलिंगप्पा लामतुरे या गावच्या माणसानं आयुष्यभर गोळा केलेल्या वस्तूंतून ते उभं राहिलं. हस्तिदंताची बाहुली बघा, मातीची खेळणी बघा. दोन हजार वर्षांपूर्वीचं एखादं लेकरू ज्याच्याशी खेळलं ते काचेआड बघून आमच्यातला एक जण म्हणाला, "हे हरवलं तेव्हा ते रडलं असंल की." त्यावरच त्यानं पुढं गोष्ट लिहिली.

नळदुर्गला पावसाळ्यानंतर जा. बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला. वरून पाणी कोसळतंय आणि आतली खोली कोरडी. आत बोललेलं बाहेर ऐकू येत नाही. कट शिजवायला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

अजिंठ्याला मात्र लेणं क्रमांक दहामध्ये एक कोडं घालायचं. जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी २८ एप्रिल १८१९ ला शिकारीला आला असताना तिथं पोचला आणि शहाण्यानं आपलं नाव नि तारीख थेट खांबावरच्या चित्रावर खरवडली. ते नाव आज उभ्या माणसाच्या डोळ्यांपेक्षा बरंच वर आहे. लेकरांना विचारा, का? "तो लई उंच होता." "घोड्यावर बसून आला." "शिडी लावली." थांबायचं, सांगायचं नाही. कुणीतरी खाली बघतंच. तेव्हा लेण्यात माती-दगडांचा थर साचलेला होता, स्मिथ त्यावर उभा होता. माणूस उंच नव्हता, जमीन उंच होती. मग पुढचा प्रश्न आपसूक येतो : स्मिथनं अजिंठा 'शोधला' म्हणतात, पण आजूबाजूच्या गावांतल्या लोकांना ती लेणी माहीतच होती ना? मग शोधलं म्हणजे काय केलं?

पुस्तकं महाग आहेत, गावात दुकान नाही. काय करायचं?

सार्वजनिक वाचनालय शोधा. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान मिळणारी अ, ब, क, ड वर्गांची वाचनालयं तालुक्याला, मोठ्या गावांना आहेत. बालविभाग मागा. नसेल तर अर्ज द्या, चार पालकांच्या सह्यांनी. शाळेतही कपाट असतं. एका शाळेत मी कपाटाची किल्ली मागितली, तर उत्तर मिळालं, "पुस्तकं खराब होतात." आठ वर्षं न उघडलेलं कपाट होतं. उघडलं तेव्हा वाळवीनं आतलं सगळं आधीच वाचून काढलं होतं.

याचा स्कॉलरशिपला उपयोग होतो का?

होत असेल. मी विचारलेलं नाही.

लेकरू मोबाईल सोडत नाही, पुस्तक कसं धरायला लावू?

पहिलं प्रकरण तुम्ही मोठ्यानं वाचा आणि ऐन जागी थांबून भाजी निवडायला जा. पुस्तक तिथंच पडू द्या. बाकी काही करू नका. विशेषतः "वाच की रे" असं म्हणू नका.

मला स्वतःला अशी कादंबरी लिहायची आहे. सुरुवात कुठून करू?

शेवटापासून. आधी उकल ठरवा : कोणत्या एका वस्तूवरून सगळं उघड होणार? ती वस्तू त्या काळाचीच हवी, आणि लेकरानं तिसऱ्या प्रकरणात ती बघितलेली हवी. शेवटच्या पानावर नवा पुरावा काढणं म्हणजे वाचकाशी लबाडी. लेकरं ती विसरत नाहीत.

मग वस्तूच्या मागं लागा. घरातला अडकित्ता, पानपुडा, जुनी तांब्याची मापं : पायली, शेर, अच्छेर, पावशेर. मापाच्या तळाला ठोकलेलं असेल तर कुठल्या तरी मापातला खोटेपणा हीच गोष्ट. जिल्ह्याचं गॅझेटियर वाचा. लढायांची पानं सोडून पिकं, बाजार, रस्ते, दुष्काळ यांची पानं वाचा. वाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांकडं बसा, पण 'इतिहास सांगा' म्हणू नका. मग ते शाळेतलंच सांगतात. 'तेव्हा दिवा कशावर लागायचा, तेल कुठून आणायचा' असं विचारा.

राजाला नायक करू नका. राजाचं पुढं काय झालं ते सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळे धाकधूक उरत नाही. त्याच्या मुदपाकखान्यात लाकडं आणणाऱ्या पोराचं काय झालं हे कुणालाच माहीत नाही. तिथं तुम्ही मोकळे.

आणि काय रचलंय, काय खरं आहे, ते पुस्तकाच्या शेवटी एका पानात सांगून टाका. लेकरं ते पान आधी वाचतात, असा माझा अनुभव आहे.

मॅडम, मी शेवट आधी वाचला तर चालतंय का? (हा प्रश्न पाचवीतल्या एकाचा, दर रविवारी नव्यानं विचारलेला.)

चालतंय. पण शेजारच्याला सांगितलास तर पुढच्या रविवारी चटई तूच झाडायची.